न्यायाधीशांस गुण कोणीं द्यावे ?

बेलापूरच्या न्यायालयाच्या आवारांत कामाच्या दिवशीं सकाळीं तासभर जो उभा राहील, त्याला कायद्याचें ज्ञान कितपत होईल तें सांगवत नाहीं. पण न्यायाधीशांचें परीक्षण मात्र त्याच्या कानांवर हवें तितकें पडेल. "हे साहेब ऐकून घेतात," "त्या साहेबांना उलटतपासणी लांबलेली खपत नाहीं," "अमक्यांपुढें काम लागलें असेल तर आज तारीखच घ्या," असे शेरे चहाच्या टपरीजवळ, नोटरीच्या टेबलापाशीं आणि जिन्याच्या पायऱ्यांवर सारखे चाललेले असतात. नवी मुंबई हें शहर नवें असलें तरी हा प्रघात नवा नाहीं. जेथें म्हणून न्यायासन आहे, तेथें त्यावर बसणाऱ्या मनुष्याविषयीं निकाल देणारें दुसरें एक न्यायासन अंगणांत भरतच असतें. त्याच्यापुढें पुरावा लागत नाहीं, त्याच्यावर अपील नसतें, आणि त्याचा निकाल मात्र ताबडतोब लागतो.

आजवर हें परीक्षण तोंडीं होत असे. आतां तें प्रगटपणें व्हावें, वकिलांनीं आणि पक्षकारांनीं न्यायाधीशांस उघड गुण द्यावे आणि ते कोणालाहि पाहतां यावे, अशी सूचना ऐकूं येऊं लागली आहे. कांहीं देशांत तशा सोयी निघाल्याहि आहेत. आपल्याकडेहि मोबाइलमधील नकाशावर खानावळीला जशा पांचांपैकीं तारका मिळतात, तशा न्यायालयाच्या इमारतीलाहि मिळतात. मग इमारतीच्या आंत बसणाऱ्यालाच त्या कां मिळूं नयेत, असा प्रश्न चांगलीं शिकलेलीं माणसें विचारतात. यावर दुसऱ्या पक्षाचें उत्तर ठराविक असतें: न्यायाधीशांविषयीं चार शब्द बोलणें म्हणजेच न्यायालयाचा अवमान करणें. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चुकतात. न्यायाधीशाचें परीक्षण झालेंच पाहिजे. परंतु तें ग्रंथाचें परीक्षण होतें तसें झालें पाहिजे, खानावळीचें होतें तसें नव्हे. या दोहोंत अंतर कोणतें, एवढेंच आम्हांस आज पाहावयाचें आहे.

प्रथम अवमानाच्या भीतीचा विचार करूं. न्यायाधीशांस पारखणें हें पाप असेल, तर तें पाप महाराष्ट्रानें फार पूर्वींपासून आणि मोठ्या आवडीनें केलेलें आहे. रामशास्त्री प्रभुणे १७८९ सालीं वारले. पण निःस्पृह मनुष्याचें वर्णन करतांना आपण अजून 'रामशास्त्री बाणा' असेंच म्हणतों. ही पदवी त्यांना पेशव्यांच्या दरबारानें दिली नाहीं, लोकांनीं दिली. ती कशासाठीं दिली हें मात्र लक्षांत घेण्यासारखें आहे. त्यांनीं किती दावे निकालांत काढले, किंवा पक्षकारांशीं ते किती गोड बोलत, याची आठवण कोणीं ठेवली नाहीं. नारायणरावाच्या वधानंतर १७७३ सालीं, ज्याच्या हातीं सत्ता होती त्या राघोबादादालाच त्यांनीं देहांत प्रायश्चित्त सांगितलें आणि ते पुणें सोडून वाईजवळच्या पांडववाडीस जाऊन राहिले, ही एकच गोष्ट लोकांनीं ध्यानांत ठेविली. म्हणजे आपल्या पूर्वजांनीं न्यायाधीशाला जो सर्वांत मोठा गुण दिला, तो एक निकाल आणि त्यामागील कारण ओळखून दिला.

ही झाली स्तुति. निंदेचें उदाहरण मुंबईच्या उच्च न्यायालयांतलें आहे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यांत न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढें लोकमान्य टिळकांच्या जामिनासाठीं उभे राहिलेले बॅरिस्टर दिनशा दावर, तेच पुढें न्यायमूर्ति झाले, आणि १९०८ सालीं त्यांनींच टिळकांस सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. कालांतरानें दावरांना 'सर' हा किताब मिळाला. तेव्हां बॅरिस्टर मंडळींनीं त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी योजिली आणि तिचें पत्रक सह्यांसाठीं फिरूं लागलें. सरकारला हवें तें करून आणि एका थोर देशभक्ताला कठोर शिक्षा देऊन ज्यानें किताब मिळविला, त्याला मेजवानी देण्याची वकीलवर्गाला लाज वाटली पाहिजे, अशा अर्थाचा शेरा बॅरिस्टर जीना यांनीं त्या पत्रकावर लिहिला. ही हकीकत न्यायमूर्ति छागला यांनीं आपल्या आत्मचरित्रांत दिली आहे, आणि तिचा उत्तरार्ध आमच्या विषयाला अधिक उपयोगी आहे. दावरांनीं जीनांस बोलावून विचारलें कीं, मी तुम्हांला माझ्या न्यायालयांत कधीं वाईट वागविलें आहे काय ? जीना म्हणाले, नाहीं, आपण मला नेहमीं चांगलेंच वागविलें आहे. पण टिळकांचा खटला आपण ज्या रीतीनें चालविला त्याविषयींची माझी भावना मी त्यासाठीं दाबून ठेवूं शकत नाहीं.

परीक्षकाची खरी कसोटी ती हीच. स्वतःला मिळालेली वागणूक आणि न्यायाला मिळालेली वागणूक या दोन वेगळ्या वस्तु आहेत, हें ज्याला कळतें त्यानें न्यायाधीशाविषयीं अवश्य लिहावें. पुढें १९५६ सालीं त्याच उच्च न्यायालयांत, टिळकांनीं शिक्षेच्या वेळीं काढलेले उद्गार कोरलेली संगमरवरी शिला मुख्य न्यायमूर्ति छागला यांच्या हस्तें बसविण्यांत आली. एका न्यायमूर्तीच्या निकालाचें हें परीक्षण न्यायालयानें स्वतःच्या भिंतीवर कोरून ठेविलें. त्यामुळें न्यायालयाची प्रतिष्ठा उणी झाली असें कोणीं म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आतां तारकांच्या पक्षाकडे वळूं. खानावळींत जेवलेले दहाच्या दहा जण तृप्त होऊन बाहेर पडूं शकतात. दावा संपवून बाहेर पडणाऱ्या दोघांपैकीं एकाच्या पदरीं बहुधा हारच असते. जिंकलेल्याला न्यायाधीश विद्वान् वाटतो आणि हरलेल्याला तो विकलेला वाटतो. मग दोघांच्या गुणांची सरासरी काढून हातीं काय लागणार? याच नवी मुंबईचें उदाहरण घ्या. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें व त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्याचें ठरलें. सरकारी अधिकाऱ्यानें ठरविलेला मोबदला ज्याला मान्य नसेल, त्याला १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणें न्यायालयाकडे दाद मागतां येत असे, आणि उरण, पनवेल, बेलापूरकडील आगरी-कोळी शेतकऱ्यांनीं ती शेंकड्यांनीं मागितली. हीं कामें वर्षानुवर्षें चाललीं. खालच्या न्यायालयांतील न्यायाधीशांची कांहीं वर्षांनीं बदली होते. तेव्हां एकाच कामांत एकानें मुद्दे काढावे, दुसऱ्यानें साक्षी नोंदाव्या, तिसऱ्यानें नुसत्या तारखा द्याव्या आणि चौथ्यानें निकाल वाचावा, असें घडतें. ज्या घरांत नोटीस आजोबांनीं घेतली आणि निकालाची प्रत नातवानें घेतली, त्या घरानें तारका कोणाला द्यावयाच्या ? ज्यानें मोबदल्याचा दर वाढवून दिला त्याला, कीं ज्यानें साक्ष नीट नोंदून घेतल्यामुळें पुढच्याला तो दर वाढवितां आला त्याला ? पहिल्याचें नांवहि त्या घराला ठाऊक असतें. दुसऱ्याचें नांव केव्हांच विसरलेलें असतें.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. शेतकरी आयुष्यांत एकदां न्यायालयाची पायरी चढतो. त्याच्या समोरचा पक्षकार, म्हणजे सरकार किंवा एखादें महामंडळ, ती रोज चढतो. गुणांची वही उघडी ठेविली तर तींत अक्षरें कोणाचीं अधिक उमटतील ? ऑगस्ट २०१७ मध्यें मुंबई उच्च न्यायालयांत ध्वनिप्रदूषणाच्या प्रकरणांची सुनावणी न्यायमूर्ति अभय ओक यांच्या पीठापुढें चालली होती. वाद शांतता क्षेत्रांच्या नियमांचा होता. त्या वेळीं राज्य सरकारनेंच न्यायमूर्तींवर पक्षपाताचा आरोप केला आणि तें काम त्यांच्याकडून काढून दुसऱ्या पीठाकडे देण्यांत आलें. राज्यांतील सर्वांत मोठ्या पक्षकारानें न्यायाधीशाला दिलेले हे गुण होत. परंतु हा शेरा उघड न्यायालयांत, स्वतःच्या नांवानें मारलेला असल्यामुळें त्याचा जाब विचारतां आला. वकीलवर्गानें जाहीर निषेध केला. मुख्य न्यायमूर्तींनीं तें काम, ज्यांत न्यायमूर्ति ओक आहेत अशा तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोंपविलें. आणि सरकारनें विनाशर्त माफी मागितली. तोच शेरा निनांवी तारकांच्या रूपानें पडला असता तर माफी कोणीं आणि कोणाची मागावयाची होती ?

मतदारांच्या हातीं गुणांची वही दिल्यास काय होतें, हें पाहावयाचें असेल तर अमेरिकेकडे पाहावें. कॅलिफोर्निया संस्थानांत न्यायमूर्तींना पदावर ठेवावें कीं नाहीं याविषयीं मतदान होतें. १९८६ सालीं तेथील मुख्य न्यायमूर्ति रोझ बर्ड आणि त्यांचे दोन सहकारी यांस मतदारांनीं एकदमच घरीं बसविलें. त्यांच्याविरुद्ध झालेल्या प्रचाराचा मुख्य मुद्दा, ते फांशीच्या शिक्षा रद्द करतात, हा होता. त्या शिक्षा कायद्याप्रमाणें रद्द होण्यासारख्या होत्या कीं नव्हत्या, हा खरा प्रश्न. पण तो मतपत्रिकेवर मावत नाहीं.

मग गुण देण्याचें काम वकिलांवरच सोंपवावें काय ? न्यायाधीशाला वकिलाइतकें कोणीच ओळखीत नाहीं, हें खरें. तो त्याला रोज पाहतो, आणि जिंकतांनाहि पाहतो व हरतांनाहि पाहतो. परंतु उद्यां त्याच न्यायाधीशापुढें त्याला उभें राहावयाचें असतें. म्हणून जो बोलूं शकतो तो बोलत नाहीं, आणि जो बोलतो त्याचा हेतु तपासून पाहावा लागतो. १९९५ सालीं मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ति भट्टाचारजी यांच्या ग्रंथाला परदेशी प्रकाशकाकडून मिळालेल्या मानधनावरून वाद उठला. वकीलसंघटनेनें त्यांच्या राजीनाम्यासाठीं पाऊल उचललें आणि त्यांनीं पद सोडलें. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, न्यायाधीशास पद सोडावयास लावणारे ठराव वकीलसंघटनांनीं करूं नयेत. तक्रार असेल तर ती मुख्य न्यायमूर्तींच्या कानांवर घालावी. न्यायसंस्थेच्या अंतर्गत चौकशीची जी पद्धति १९९९ सालीं ठरली, तिचें मूळ या निर्णयांत आहे. घाईनें झालेल्या ठरावापेक्षां चौकशी केव्हांहि बरी, हें आम्हांस मान्य आहे. पण अंतर्गत चौकशींत काय झालें हें बाहेरच्या मनुष्यास बहुधा कळत नाहीं, आणि जें कळत नाहीं त्याची जागा अंगणांतील शेरे भरून काढतात.

न्यायाधीशांना आज गुण मिळतच नाहींत असेंहि कोणीं समजूं नये. घटनेच्या २३५ व्या कलमाप्रमाणें खालच्या न्यायालयांवर उच्च न्यायालयाचें नियंत्रण असतें. तेथील न्यायाधीशांचे गोपनीय अहवाल लिहिले जातात आणि त्यांनीं किती कामें निकालीं काढलीं याचा हिशेब ठेवला जातो. या हिशेबांत सोपें काम चटकन संपविणाऱ्याचा आंकडा फुगतो आणि अवघड साक्ष धीरानें ऐकणाऱ्याचा आंकडा रोडावतो, ही भीति रास्त आहे. म्हणजे तारकांनीं जो दोष येईल, त्याची चुणूक आंकड्यांनीं अगोदरच दाखविली आहे. ज्याला कारणें नाहींत तो गुण उघड असो वा गोपनीय असो, सारखाच पांगळा.

याच्या उलट, कारणें देऊन केलेलें परीक्षण काय करूं शकतें, याचें उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें. १९७२ च्या मार्च महिन्यांत चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंज येथें पोलिसांच्या ठाण्यांत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचें प्रकरण उभें राहिलें. सत्र न्यायालयानें दोघां पोलिसांस निर्दोष सोडलें; १९७६ सालीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्यांस दोषी ठरविलें; आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां निर्दोष सोडलें. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहींत, तेव्हां तिचा विरोध नव्हता, असा त्या निकालाचा रोंख होता. पुढच्या वर्षीं १६ सप्टेंबर रोजीं उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनीं देशाच्या मुख्य न्यायमूर्तींस उघड पत्र लिहिलें.

तें पत्र म्हणजे आमच्या मतें ग्रंथपरीक्षणाचा उत्तम नमुना आहे. लिहिणाऱ्यांनीं निकाल मुळापासून वाचला होता. त्यांनीं आपलीं नांवें खालीं घातलीं होतीं. न्यायमूर्तींच्या सचोटीवर चिखल उडविण्याऐवजीं त्यांनीं निकालांतील एका सांध्यावर बोट ठेविलें: शरण जाणें आणि संमति देणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि निकालानें पहिलीवरून दुसरी गृहीत धरली आहे. पोलिसांच्या ताब्यांतील गरीब मुलगी ओरडली नाहीं यावरून तिची संमति होती असें कसें ठरतें, हा प्रश्न एकदां अशा रीतीनें विचारला गेल्यावर तो परत मिटवितां येईना. देशांत ठिकठिकाणीं स्त्रियांच्या संघटनांनीं तो उचलून धरला. सुटलेले पोलिस सुटलेलेच राहिले. त्या मुलीला न्याय मिळाला असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं, आणि हें दुःख या हकीकतीच्या शेवटीं उरतेंच. परंतु १९८३ सालीं कायदा बदलला. ताब्यांतील स्त्रीवरील अत्याचार हा वेगळा, अधिक कडक शिक्षेचा गुन्हा ठरला. आणि अशा खटल्यांत शरीरसंबंध सिद्ध झाला असून आपली संमति नव्हती असें स्त्रीनें सांगितलें, तर न्यायालयानें तेंच गृहीत धरावें असा नियम झाला. पीडितेचें नांव छापूं नये हा निर्बंधहि त्याच सुधारणेंतला. म्हणूनच सर्वत्र ठाऊक असलेलें तें नांव आम्हीं येथें घेतलेलें नाहीं. त्या तिघां न्यायमूर्तींस कोणीं पांचांपैकीं एक तारका दिली असती तर यांतलें काय घडलें असतें ?

आतां अलीकडचें उदाहरण पाहा. १९ जानेवारी २०२१ रोजीं त्याच नागपूर खंडपीठानें, बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालीं, कातडीला कातडीचा स्पर्श झाल्यावांचून तो विशिष्ट गुन्हा होत नाहीं, असा निर्णय दिला. निर्णय चुकीचा होता असेंच आमचें मत आहे, आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द केला. कायद्याचा हेतु पाहावयाचा असतो आणि गुन्ह्याचा जीव इच्छेंत असतो, कपड्यांत नसतो, असें त्यानें कारणें देऊन सांगितलें. परंतु मधल्या महिन्यांत काय झालें ? निकाल वाचणारे थोडे, न्यायमूर्तींची टवाळी करणारे पुष्कळ. निषेध म्हणून ओंगळ वस्तु त्यांना टपालानें पाठविण्यापर्यंत मजल गेली. या टवाळीनें कायद्याचा अर्थ तसूभरहि स्पष्ट झाला नाहीं. तो स्पष्ट झाला अपिलानें आणि युक्तिवादानें. त्या न्यायमूर्तींचें नांव आम्हीं घेत नाहीं, कारण त्यांच्या निर्णयाचें परीक्षण करण्यास त्या नांवाची गरज पडत नाहीं.

अशा परीक्षणाला कायद्याची आडकाठी आहे काय ? मुळींच नाहीं. १९७१ च्या न्यायालय-अवमान कायद्याचें पांचवें कलम स्पष्ट सांगतें कीं, निकालांत निघालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर न्याय्य टीका करणें हा अवमान नव्हे. सहाव्या कलमाप्रमाणें खालच्या न्यायाधीशाविषयीं उच्च न्यायालयाकडे सद्भावनेनें केलेली तक्रारहि अवमान होत नाहीं. २००६ च्या दुरुस्तीनें, लोकहितासाठीं आणि प्रामाणिकपणें सांगितलेलें सत्य हा बचाव म्हणून मान्य झाला. तेव्हां दार उघडें आहे; त्यांतून आंत जाण्यास लागणारें वाचन आणि धैर्य आपणांपाशीं कमी आहे.

येथें कोणी म्हणेल, हें अध्यापकांचें काम झालें. साध्या पक्षकारानें काय करावें? त्याला कायदा कळत नाहीं, पण तो आंधळा नसतो. त्याला ज्या गोष्टी खात्रीनें कळतात त्या त्याला विचाराव्या. न्यायाधीश वेळेवर बसले काय ? तुमची साक्ष तुम्हीं सांगितली तशी नोंदली गेली काय ? तुमचें म्हणणें पुरतें ऐकून घेतलें काय ? तुमच्याशीं बोलतांना मर्यादा सुटली काय ? निकालांत तुमच्या मुख्य मुद्द्याला उत्तर मिळालें काय ? आणि हे प्रश्न मुद्दाम हरलेल्या पक्षकारास विचारावे. जो हरूनहि म्हणतो कीं, 'निकाल माझ्याविरुद्ध गेला, पण माझें ऐकून घेतलें,' त्याची एक साक्ष जिंकलेल्या शंभरांच्या स्तुतीहून अधिक मोलाची आहे. हे जबाब नांवानिशीं घ्यावे, उच्च न्यायालयानें ते तपासावे, आणि त्यांतून निघालेलीं अनुमानें न्यायालयवार प्रसिद्ध करावीं. एवढें झालें तर अंगणांतील पुष्कळसें न्यायासन आपोआप उठेल.

मात्र त्यासाठीं एक गोष्ट आधीं झाली पाहिजे. जो निकाल वाचतां येत नाहीं त्याचें परीक्षण करतां येत नाहीं. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी असावी असें महाराष्ट्र सरकारनें १९९८ सालींच जाहीर केलें. तथापि इंग्रजी निकालाची प्रत हातीं धरून 'यांत आमचें काय ठरलें?' असें वकिलाच्या कारकुनास विचारणारा मनुष्य कोणत्याहि न्यायालयाच्या जिन्यावर अजून भेटतो. निकाल हें एक लेखन आहे, आणि तें ज्याच्या आयुष्याविषयीं लिहिलेलें असतें तो त्याचा पहिला वाचक होय. त्या पहिल्या वाचकाला तें वाचतां यावें. मग त्यानें दोन बरे शब्द लिहावे किंवा दोन वाईट लिहावे, पण कारणें देऊन लिहावे, आणि खालीं आपली सही करावी.